मोठ्या औद्योगिक वीजग्राहकांची बाजू कशी मांडावी: या कामात नव्याने आलेल्यांसाठी

एखाद्या उद्योग संघटनेच्या ऊर्जा कक्षात किंवा मोठ्या कारखान्याच्या वीज विभागात नव्याने रुजू झालेल्या माणसाच्या हाती पहिल्या महिन्याभरातच एखादा जाडजूड दस्तऐवज पडतो. बहुधा ती वीज कंपनीची दरवाढीची याचिका असते, नाहीतर वीजबाजाराच्या नियमांत बदल सुचवणारा मसुदा असतो. त्यावर ठरावीक मुदतीत लेखी म्हणणे द्यायचे असते, पुढे सुनावणीत उभे राहायचे असते, आणि ज्यांच्या वतीने बोलायचे ते सगळे सभासद एकच गोष्ट सांगत असतात, की वीज महाग झाली आहे, ती स्वस्त करून घ्या. त्यांचे म्हणणे खरे असले तरी केवळ तेवढ्यावर कोणताही नियामक आयोग आदेश देऊ शकत नाही. कोणता खर्च कोणावर चुकीच्या रीतीने टाकला गेला आहे, आणि कारखान्याचा भार, म्हणजे तो एका वेळी घेत असलेली वीज, वीजव्यवस्थेला जे देऊ शकतो त्याचे मोल कुठे मिळत नाही, हे पुराव्यानिशी दाखवले तर आयोगाला काही करता येते. त्यासाठीची तयारी कशी करावी, हे इथे पायरीपायरीने सांगितले आहे.

या ग्राहकांसाठी वीज हा कच्चा माल असतो, हे आधी नीट ध्यानात घ्यावे. एक टन ॲल्युमिनियम तयार करायला साधारणपणे १३ ते १५ हजार युनिट वीज लागते. विद्युत भट्टीत भंगार वितळवून एक टन पोलाद काढायला ४०० ते ५०० युनिट लागतात. दिवे बंद करून किंवा वातानुकूलन कमी करून यात काही फरक पडत नाही, आणि तयार मालाची किंमत जागतिक बाजारात ठरत असल्याने वाढलेला वीजखर्च पुढे खरेदीदाराकडे ढकलताही येत नाही. म्हणूनच या उद्योगांना आपली बाजू मांडण्यासाठी स्वतंत्र माणूस लागतो.

पहिली पायरी: भार तासागणिक ओळखा

याचिका वाचायला घेण्याआधी कारखान्यात जावे. मीटरची वर्षभराची नोंद मागवावी. जिथे हिशोब पंधरा मिनिटांच्या खंडांनी होतो तिथे दिवसाचे ९६ आणि वर्षाचे ३५,०४० आकडे मिळतात. महिन्याच्या बिलावरचे एकूण युनिट पाहून जे कळत नाही ते या आकड्यांच्या आलेखात पहिल्याच नजरेत दिसते. पाळी बदलताना पडणारी खाच, साप्ताहिक सुटीचा सपाट तळ, वार्षिक दुरुस्तीचे रिकामे आठवडे आणि कधीतरी दोन भट्ट्या एकाच वेळी चालू झाल्याने उठलेला एकटा उंच सुळका, हे सगळे त्यात उमटलेले असते. तो एक सुळका त्या महिन्याचा मागणी आकार, म्हणजे कमाल मागणीवर लागणारे शुल्क, ठरवून जातो, ही गोष्ट कित्येक कारखान्यांत उत्पादन विभागाला ठाऊकही नसते.

त्याच आकड्यांवरून भारांक, म्हणजे कमाल मागणीच्या तुलनेत सरासरी वापर किती, तो काढावा. समजा, कारखान्याची कमाल मागणी २० मेगावॉट आहे. तीस दिवस चोवीस तास ती तशीच राहिली असती तर १ कोटी ४४ लाख युनिट लागले असते. प्रत्यक्षात १ कोटी ८ लाख युनिट लागले, तर भारांक ७५ टक्के झाला. हा आकडा पुढे प्रत्येक चर्चेत लागतो, कारण एकसारखा भार घेणाऱ्याला आणि चढउतार करणाऱ्याला नियम वेगवेगळे लागू पडतात.

यानंतरचे काम कागदावर होत नाही. प्रत्येक यंत्राजवळ उभे राहून विचारावे लागते, की हे थांबवता येते का, किती वेळ थांबवता येते, आधी किती मिनिटे सांगावे लागते, वर्षातून किती वेळा चालेल, आणि पुन्हा चालू करताना जास्तीची किती वीज व किती माल वाया जातो. उत्तरे उद्योगागणिक फार वेगळी येतात. सिमेंट कारखान्यात क्लिंकर (सिमेंट दळण्याआधीचे भाजलेले खडे) भाजणारी भट्टी अखंड चालावी लागते, पण क्लिंकर दळणारी गिरणी कोठारात साठा असेल तर काही तास बंद ठेवता येते. पोलादाच्या विद्युत भट्टीत अर्धवट वितळलेला घाण (एका वेळी भट्टीत चढवलेला माल) मध्येच सोडता येत नाही, मात्र पुढचा घाण उशिरा चढवता येतो. ॲल्युमिनियमच्या कुंड्यांची वीज थोडा वेळ कमी केलेली चालते. ती काही तास पूर्ण गेली तर आतला वितळलेला धातू थिजतो आणि कुंडी निकामी होते. ऑस्ट्रेलियातील पोर्टलंड येथील कारखान्यात डिसेंबर २०१६ मध्ये पारेषण वाहिनीतील बिघाडामुळे पाच तासांहून अधिक काळ वीज नव्हती, तेव्हा हेच घडले आणि उत्पादन पूर्ववत व्हायला कित्येक महिने गेले.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांतील एक सुनावणी मला अजून आठवते. आमच्या सभासदांना भार कमी करण्याचा मोबदला मिळावा, अशी मागणी मी मांडली होती. आयोगाच्या एका सदस्यांनी शांतपणे विचारले, "तुम्हाला पूर्वसूचना किती मिनिटांची लागेल?" माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि शेजारी बसलेल्या व्यवस्थापकांजवळही नव्हते. त्याच आठवड्यात मी एका भट्टीवर गेलो. तिथल्या फोरमनने कपाटातून एक वही काढली. तिच्यात त्याने कित्येक वर्षे पेन्सिलीने नोंदी ठेवल्या होत्या: वीज किती वाजता गेली, भट्टीत त्या वेळी घाण कोणत्या टप्प्यावर होता, किती माल वाया गेला, पुन्हा तापमान यायला किती वेळ लागला. पाने काजळीने काळवंडली होती, पण आकडे स्वच्छ होते. त्या वहीतील तीन वर्षांच्या नोंदी आम्ही प्रतिज्ञापत्रासोबत जोडल्या, आणि पुढच्या सुनावणीत सर्वांत जास्त प्रश्न त्यांवरच आले. अशी वही प्रत्येक कारखान्यात कोणाजवळ तरी असते. ती शोधून काढावी.

दुसरी पायरी: बिल उलगडून प्रत्येक ओळीचे दार शोधा

मोठ्या ग्राहकाच्या बिलात विजेची किंमत, पारेषण आणि वितरणाचा आकार, करार मागणीवरचा (वीज कंपनीशी आधी ठरवलेल्या मागणीवरचा) किंवा कमाल मागणीवरचा आकार, वाहिन्यांतील गळतीचा वाटा, पॉवर फॅक्टरचा (घेतलेल्या विजेपैकी किती प्रत्यक्ष कामी येते त्या प्रमाणाचा) दंड किंवा सवलत, इंधन समायोजन (इंधनाच्या दरातील चढउताराची वसुली), निरनिराळे अधिभार आणि कर अशा ओळी असतात. प्रत्येक ओळीपुढे ती कोण ठरवतो हे लिहावे. विजेची किंमत बाजारात किंवा करारात ठरते, जाळ्याचा आकार, म्हणजे पारेषण आणि वितरणाच्या वाहिन्यांचे शुल्क, नियामक ठरवतो, कर विधिमंडळ ठरवते. कराबद्दलची तक्रार नियामकापुढे मांडणारे अर्ज दरवर्षी येतात आणि दरवर्षी एका परिच्छेदात निकाली निघतात.

जाळ्याच्या आकाराकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे, कारण उद्योगांचा पैसा तिथे सर्वांत नकळत जातो आणि नियमही तिथेच सर्वांत वेगाने बदलत आहेत. जाळे सर्वाधिक भाराच्या क्षणासाठी बांधावे लागते, म्हणून त्या क्षणी ज्याचा भार जास्त त्याने खर्चाचा वाटा जास्त उचलावा, असा विचार अनेक ठिकाणी नियमांत उतरला. टेक्सासमध्ये जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील प्रत्येकी एका सर्वोच्च भाराच्या पंधरा मिनिटांवरून पारेषणाचा वाटा ठरतो. कॅनडातील ओन्टारिओ प्रांतात वर्षातील सर्वाधिक भाराच्या पाच तासांतील वाट्यावर मोठ्या ग्राहकाचे एक मोठे शुल्क अवलंबून असते. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातील, एकमेकांपासून किमान दहा दिवस अंतर असलेल्या तीन सर्वोच्च अर्ध्या तासांवर पारेषण आकार लागत असे. त्या मोजक्या वेळा ओळखून भार उतरवणाऱ्या कारखान्यांची मोठी बचत झाली.

नवोदितांनी यापुढचा भागही तितक्याच काळजीने वाचावा. ब्रिटनच्या नियामकाच्या लक्षात आले, की भार उतरवणाऱ्याने जे पैसे वाचवले त्यांतील बराच भाग जाळ्याच्या आधीच झालेल्या खर्चाचा होता. तो खर्च कमी झाला नव्हता. तो भार न उतरवू शकणाऱ्या इतर ग्राहकांवर सरकला होता. एप्रिल २०२३ पासून तिथे या आकाराचा मोठा भाग ग्राहकाच्या गटानुसार ठरणाऱ्या स्थिर रकमेत बदलला, आणि त्या तीन अर्ध्या तासांच्या भरवशावर ज्यांनी स्वतःची जनित्रे बसवली होती त्यांचे गणित फिसकटले. आपल्या सभासदाची बचत अशा एखाद्या नियमावर उभी असेल तर तिच्यातील किती भाग व्यवस्थेचा खर्च खरोखर कमी करतो आणि किती भाग फक्त दुसऱ्याच्या बिलात जातो, हे आधी आपणच मोजावे. पहिला भाग ठामपणे लढवता येतो. दुसऱ्या भागासाठी फार तर संक्रमणाचा कालावधी मागता येतो, आणि सभासदाला हे वेळेवर सांगणे आपले कर्तव्य आहे.

ज्या देशांत घरगुती किंवा शेतीच्या ग्राहकांचा दर उद्योगांच्या दरातून भागवला जातो तिथे क्रॉस सबसिडी ही स्वतंत्र ओळ ठरते. भारताच्या वीज कायदा २००३ मधील कलम ६१ दर हळूहळू खर्चाशी जुळावेत आणि क्रॉस सबसिडी कमी होत जावी असे सांगते, तर कलम ४२ खुल्या प्रवेशाने, म्हणजे वीज कंपनीच्याच वाहिन्यांवरून, दुसरीकडून वीज घेणाऱ्यावर त्याबद्दल अधिभार लावण्याची मुभा देते. दोन्ही कलमे शेजारी ठेवून वाचली, की युक्तिवाद कोणत्या दिशेने न्यायचा ते उमगते: अधिभार असूच नये असे म्हणण्यापेक्षा, तो कायद्याने सांगितल्याप्रमाणे वर्षागणिक घटतो आहे का, हे आकड्यांनी तपासावे.

तिसरी पायरी: बाजार कुठे बदलतो आहे ते समजून घ्या

घाऊक बाजारात बहुतेक ठिकाणी सर्वांत स्वस्त वीज आधी घेतली जाते, आणि मागणी पुरी करणाऱ्या शेवटच्या, सर्वांत महाग केंद्राच्या दराने त्या वेळची सगळी वीज विकली जाते. म्हणूनच २०२२ मध्ये युरोपात नैसर्गिक वायूचे दर भडकल्यावर जलविद्युत किंवा अणुविद्युत घेणाऱ्या कारखान्यांचीही बिले भडकली. त्या अनुभवातून युरोपीय महासंघाने जी सुधारणा केली ती जुलै २०२४ मध्ये लागू झाली आणि तिने दीर्घ मुदतीच्या खरेदी करारांवर भर दिला. दुसरीकडे सौरऊर्जा वाढेल तसे दुपारचे दर पडतात, प्रसंगी शून्याखालीही जातात, आणि संध्याकाळी सूर्य मावळताच चढतात. जुन्या काळी रात्रीची वीज स्वस्त असल्याने जड यंत्रे रात्रपाळीत चालवण्याची सवय कारखान्यांना लागली. आता कित्येक बाजारांत ती सवयच महाग पडू लागली आहे.

हिशोबाचा खंडही लहान होत चालला आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय बाजारात १ ऑक्टोबर २०२१ पासून तीस मिनिटांऐवजी पाच मिनिटांनी हिशोब होतो. युरोपच्या एक दिवस आधीच्या बाजारात ऑक्टोबर २०२५ पासून पंधरा मिनिटांचे खंड आले. ओन्टारिओत मे २०२५ पासून जागेनुसार वेगळी किंमत निघू लागली. यांतील प्रत्येक बदल चटकन भार हलवू शकणाऱ्या कारखान्याला संधी देतो आणि हलवू न शकणाऱ्याला जोखीम देतो. असा मसुदा समोर आला, की पहिल्या पायरीतील ३५,०४० आकडे घेऊन जुन्या व नव्या नियमाने दोनदा बिल काढून पाहावे. बहुतेकदा सभासदांच्या मनातील समज आणि हा हिशोब जुळत नाहीत.

जर्मनीतील एक उदाहरण मी प्रत्येक नवोदिताला सांगतो. तिथे वर्षाला किमान ७,००० तासांइतका एकसारखा वापर (वर्षाचा एकूण वापर भागिले कमाल मागणी) आणि १० गिगावॉट-तासांहून अधिक वीज घेणाऱ्या ग्राहकाला जाळ्याच्या आकारात ८० ते ९० टक्क्यांपर्यंत सूट मिळत आली. अणु आणि कोळशाची केंद्रे अखंड चालत होती तेव्हा एकसारखा भार व्यवस्थेला सोयीचा होता, म्हणून सूट योग्य होती. आज वारा आणि सूर्य यांच्या चालीने चालणाऱ्या व्यवस्थेत तोच नियम कारखान्याला भार हलवू देत नाही, कारण दर पडलेला असताना जास्त वीज घेतली तर कमाल मागणी वाढते आणि ७,००० तासांची अट मोडते. जर्मनीच्या नियामकाने २०२४ मध्ये या नियमाच्या फेरविचाराला सुरुवात केली. अशा वेळी संघटनेने जुनी सूट जशीच्या तशी धरून ठेवण्यात सगळी ताकद घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या प्रक्रिया हलूच शकत नाहीत त्यांच्यासाठी दीर्घ संक्रमण मागावे, आणि ज्या हलू शकतात त्यांना हलण्याचा मोबदला मिळेल असा नवा नियम आपणच लिहून द्यावा. आपण लिहिला नाही तर तो दुसरे कोणी लिहील, आणि त्याला भट्टीची माहिती असेलच असे नाही.

क्षमतेच्या बाजाराकडेही दुर्लक्ष करू नये. अमेरिकेच्या पूर्व भागातील पीजेएम या जाळ्यात वीजकेंद्रांना गरजेच्या वेळी उपलब्ध राहण्याबद्दल मिळणारी किंमत बहुतेक क्षेत्रात २०२४-२५ साठी प्रति मेगावॉट प्रतिदिन २८.९२ डॉलर होती. जुलै २०२४ च्या लिलावात २०२५-२६ साठी ती २६९.९२ डॉलर झाली. डेटा सेंटरची वाढती मागणी हे त्यामागचे एक मोठे कारण होते. आता मोठा वीजग्राहक म्हटले की कारखानाच समोर येतो असे राहिलेले नाही, आणि नव्या मोठ्या ग्राहकांसाठी बांधायच्या जाळ्याचा खर्च जुन्या कारखान्यांनी किती उचलावा, हा पुढच्या काही वर्षांतील मुख्य वाद ठरणार आहे.

चौथी पायरी: कुठे बोलायचे ते ठरवा

नियामक आयोग, जाळे चालवणाऱ्या संस्थेच्या नियम समित्या, मंत्रालय आणि न्यायालय, अशा चार जागा बहुतेक देशांत असतात. आयोगापुढील सुनावणी दिसायला मोठी असते, पण निर्णय पुष्कळदा त्याआधीच नियम समितीच्या कंटाळवाण्या तांत्रिक बैठकांत आकार घेतो. तिथे वीज कंपन्यांचे अभियंते नियमित बसतात आणि ग्राहकांची खुर्ची रिकामी असते. शक्य असेल तर तिथे जाऊन बसावे.

आपल्या कायद्यात ग्राहकाला बोलण्याचा हक्क कोणत्या कलमाने दिला आहे ते पाठ असावे. भारतात वीज कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे आयोगाने लोकांच्या हरकती व सूचना विचारात घेऊन अर्ज मिळाल्यापासून १२० दिवसांत आदेश द्यायचा असतो, कलम ९४ खाली ग्राहकांचे हित मांडण्यासाठी आयोग कोणालाही अधिकृत करू शकतो, आणि कलम १११ खाली ४५ दिवसांत अपिलीय न्यायाधिकरणाकडे जाता येते. न्यायालयीन लढाई लांबते, पण कधीकधी तिच्याशिवाय मार्ग निघत नाही. अमेरिकेत भार कमी करणाऱ्याला वीज निर्माण करणाऱ्याइतकाच बाजारभाव मिळावा, असा आदेश तिथल्या संघीय नियामकाने २०११ मध्ये दिला. त्याला आव्हान मिळाले आणि जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला, तोवर पाच वर्षे गेली होती.

पाचवी पायरी: सभासदांत एकमत घडवा, आणि कायद्याची रेषा पाळा

मोठे वीजग्राहक हा एकजिनसी गट नाही. एकाचा भार सपाट असतो, दुसऱ्याचा हलता. एकाजवळ स्वतःचे वीजकेंद्र असते, दुसऱ्याजवळ नसते. एकाचा करार दहा वर्षांचा असतो, दुसरा रोजच्या बाजारातून घेतो. एकाच प्रस्तावाने काहींचा फायदा आणि काहींचा तोटा होत असेल तर ते आधी बंद खोलीत स्पष्ट बोलून घ्यावे. ज्यावर एकमत होत नाही तो मुद्दा संघटनेच्या निवेदनातून वगळावा आणि ज्याला हवे त्याने तो स्वतंत्रपणे मांडावा. अर्धवट एकमताचे गुळमुळीत वाक्य सुनावणीत उलट प्रश्नांपुढे टिकत नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत मोडू नये. हे सभासद अनेकदा एकमेकांचे प्रतिस्पर्धी असतात. कोण किती दराने वीज खरेदी करणार, कोण कधी उत्पादन कमी करणार, असा तपशील संघटनेच्या बैठकीत एकमेकांसमोर आला तर स्पर्धा कायद्याचा भंग होऊ शकतो. भारताचा स्पर्धा अधिनियम २००२ आणि युरोपीय महासंघाच्या करारातील कलम १०१ या बाबतीत कडक आहेत. प्रत्येक सभासदाने आपली आकडेवारी थेट सल्लागाराला किंवा संघटनेच्या गोपनीयतेला बांधील अशा एकाच अधिकाऱ्याला द्यावी, त्याने ती एकत्र करून ओळख पटणार नाही अशा रूपात मांडावी, आणि बैठकीचे इतिवृत्त नेहमी ठेवावे.

सहावी पायरी: लेखी म्हणणे लिहा

चांगल्या निवेदनात आपण कोण, आपला प्रश्न प्रस्तावातील कोणत्या परिच्छेदाशी आहे, त्याबद्दलचा पुरावा काय, नियमात नेमका कोणता शब्द बदलावा, आणि तो बदलल्याने इतर ग्राहकांवर काय परिणाम होईल, हे सगळे असते. शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात, आणि तोच आयोगाला सर्वांत आधी हवा असतो.

नमुन्यादाखल दोन वाक्ये पाहा. "प्रस्तावित मागणी आकारामुळे उद्योगांवर असह्य बोजा पडेल," असे लिहिले तर आयोग ते आदेशात उद्धृत करील आणि पुढे जाईल. त्याऐवजी असे लिहावे: "प्रस्तावित आकार महिन्यातील कोणत्याही पंधरा मिनिटांतील कमाल मागणीवर लावला आहे. अर्जदाराची कमाल मागणी पहाटे येते. त्या वेळी संबंधित वाहिनीवरचा भार तिच्या कमाल भाराच्या निम्म्याहून कमी असतो, हे वीज कंपनीच्याच परिशिष्टातील आकड्यांवरून दिसते. म्हणून परिच्छेदातील 'कोणत्याही' या शब्दाऐवजी 'वाहिनीच्या कमाल भाराच्या कालखंडातील' असे शब्द घालावेत." यात वीज कंपनीचा स्वतःचा आकडा वापरला आहे, त्यामुळे तो खोडून काढणे तिला अवघड जाते.

भार कमी करण्याचा मोबदला मागताना मोजमापाची पद्धत काळजीपूर्वक वाचावी. किती भार कमी झाला हे ठरवण्यासाठी, कमी केला नसता तर किती राहिला असता, असा एक आधारभार धरतात, आणि तो बहुधा आदल्या काही दिवसांच्या सरासरीवरून काढतात. त्या दिवसांत कारखान्याची एक भट्टी दुरुस्तीला असेल तर आधारभार खाली येतो आणि प्रत्यक्षात भार उतरवूनही पैसे मिळत नाहीत. दुरुस्तीचे दिवस सरासरीतून वगळण्याची तरतूद मागावी, आणि त्याच वेळी कोणी आधारभार मुद्दाम फुगवू नये यासाठीची अटही आपणच सुचवावी. आपणच सुचवलेली अट बहुधा आपल्याला पाळता येण्यासारखी असते, आणि आयोगाचा विश्वासही तिने वाढतो.

कारखाना बंद पडेल किंवा दुसरीकडे जाईल, ही भाषा अगदी मोजून वापरावी. ती कधी खरीही ठरते: न्यूझीलंडमध्ये २०२४ च्या हिवाळ्यात जलाशय खाली गेले, घाऊक दर भडकले, आणि मध्य उत्तर बेटावरील कागदाच्या लगद्याचा एक कारखाना आणि लाकूड कापण्याची एक गिरणी कायमची बंद झाली, शेकडो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. ज्या संकटात एवढी माणसे भरडली जातात त्याचे नाव उठसूट घेऊ नये. खरेच तशी वेळ आली असेल तर लेखापरीक्षित हिशोब गोपनीयतेच्या अटीवर आयोगापुढे ठेवावेत. त्याच देशातील टिवाई पॉइंटचा ॲल्युमिनियम कारखाना देशातील सुमारे १३ टक्के वीज एकटा वापरतो. त्याने २०२४ मध्ये २०४४ पर्यंतचे करार केले आणि त्यांत टंचाईच्या वेळी १८५ मेगावॉटपर्यंत भार कमी करण्याची तयारी दाखवून तिचा मोबदला ठरवून घेतला. त्याच हिवाळ्यात तो भार खरोखर कमी करावा लागला. आपला भार वीजव्यवस्थेला विकता येण्याजोगी सेवा देतो, हे या करारात जितके ठसठशीत दिसते तितके क्वचितच कुठे दिसते.

घरगुती ग्राहकांच्या संघटनांशी बोलणे टाळू नये. खर्चाची वाटणी कशी व्हावी यावर त्यांचे आपले मतभेद राहणारच, पण एकूण खर्च किती असावा यावर दोघांचे हित एकच असते. वीज कंपनीने मागितलेला भांडवली खर्च खरोखर गरजेचा आहे का, मागच्या वेळी मंजूर झालेली कामे पूर्ण झाली का, गळती कमी करण्याचे उद्दिष्ट का चुकले, हे प्रश्न दोघांनी मिळून विचारले तर ते बाजूला सारणे आयोगाला जड जाते. माझ्या पाहण्यात उद्योगांना मिळालेला सर्वांत मोठा दिलासा अशा खर्च-तपासणीतूनच आला आहे.

सातवी पायरी: सुनावणी

वेळ थोडा मिळतो, बहुधा काही मिनिटेच. लेखी म्हणणे वाचून दाखवू नये. त्यातील एकच मुद्दा, एकच आलेख आणि मागितलेला शब्दबदल एवढेच बोलावे. कारखान्यातील तांत्रिक माणूस सोबत न्यावा. एखाद्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगून लेखी उत्तरासाठी मुदत मागावी आणि ती पाळावी. वीज कंपनीच्या प्रतिनिधीशी सौजन्याने वागावे, कारण दर वर्षी त्याच खोलीत त्याच माणसाची गाठ पडणार असते.

आठवी पायरी: आदेश आल्यावर

आदेश ज्या दिवशी येईल त्याच दिवशी तारीख लिहून पुनर्विलोकनाची आणि अपिलाची मुदत मोजावी. मग आपल्या मुद्द्यांवर आयोगाने काय म्हटले ते शोधावे: मान्य, अमान्य, की उत्तरच नाही. उत्तर न दिलेला मुद्दा अपिलात सर्वांत बळकट ठरतो. त्यानंतर तेच ३५,०४० आकडे पुन्हा उघडून नव्या दराने बिल काढावे आणि प्रत्येक सभासदाला एका पानात कळवावे, की त्याचे बिल किती बदलले, कोणत्या ओळीमुळे बदलले, आणि त्याने पाळ्यांची वेळ किंवा करार मागणी बदलावी का. करार मागणी कमी करण्याच्या अर्जाला अनेक ठिकाणी ठरावीक मुदतीची आगाऊ सूचना लागते, म्हणून हे पान पहिल्या आठवड्यातच जावे.

नव्या दराने आलेले पहिले बिल हाती आले, की ते आदेशातील तक्त्याशी ओळीओळीने ताडून पाहावे. नवा नियम बिलिंग प्रणालीत चुकीचा भरला गेल्याची उदाहरणे मी स्वतः पाहिली आहेत. अशी चूक पहिल्याच महिन्यात लेखी कळवली तर दुरुस्ती सोपी होते. वर्षभराने कळवली तर तिच्यासाठी नवी याचिका करावी लागते.